भिंतीवरची भेंडी

शिकागो

प्रिय आई,

तुला एक नमस्कार आणि बाबांना दोन, कारण माझी नोकरी गेल्यापासून तेच जास्त जागतात म्हणे. मी छान आहे. व्हिसाची मुदत अजून आहे आणि मंगळवारी इंटरव्ह्यू आहे. तुझा गुडघा कसा आहे?

डेव्हन ॲव्हेन्यूवर विनयकाकांचं किराणा दुकान आहे. त्याची बाजूची भिंत रंगवायला आयर्लंडहून ऑर्ला नावाची चित्रकार आली आहे. मी हौसेने मदतीला जाते. आपली माणसं भेंडीचं टोक मोडून बघतात, ते तिला इतकं आवडलं की तिने तेच चित्र ठरवलं.

पहिल्याच सकाळी मी घोळ घातला. भिंतभर स्प्रेच्या वेड्यावाकड्या रेघोट्या दिसल्या. कुणा टवाळाचं काम समजून मी जमेल तिथपर्यंत पांढरा रंग फासला. त्या ऑर्लाच्याच होत्या! त्या खुणांवरून छोटं चित्र मोठ्या भिंतीवर उतरवतात.

मला रडूच कोसळलं. मग तुझी रांगोळी आठवली. म्हटलं, थांब, मी ठिपके काढते. भिंतीलगत वर-खाली होणाऱ्या लिफ्टच्या पाळण्यात उभ्या राहून आम्ही दोघींनी अख्खी भिंत ठिपक्यांनी भरली. आता ती घरी कॉर्कला जाऊनही असंच करणार म्हणते.

चित्रातल्या भेंडी मोडणाऱ्या हातांसाठी मी तुझा मंडईतला फोटो दिला होता. अंगठ्यावरच्या विळीच्या खुणेसकट तुझे हात इथे तीन मजली झालेत. बाबांना सांग, मला परत बोलवायचं तर आधी तुला भिंतीवरून उतरवावं लागेल.

केसांतला रंग अजून न निघालेली,
तुझी मृण्मयी