तिरपी अक्षरे बिडीसाठी नाहीत

मी, आबाजी रामजी सुतार, वय चौसष्टच्या आसपास, धंदा लाकडी अक्षरे कोरणे व छपाई, राहणार चौक, पेटा खालापूर, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र कोणी भरीस न घालता लिहीत आहे. पाय सुजले आहेत. डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर कन्या सुंदरा हिला. मागची खोली माझी बहीण कोंडी हयात असेतो तिची. दोघींनी चुलीवरून भांडू नये.

२. छपाईचे यंत्र धाकटा भाऊ सदू याच्याशी भागीत आहे. माझा हिस्साही त्यालाच द्यावा. तो मेहनती आहे, हे रागातसुद्धा लिहितो.

३. सागाची तिरपी अक्षरे माझ्या एकट्याची आहेत. ती सुंदराला. सदूचा त्यांवर हक्क नाही. कारण लिहून ठेवतो.

पटकीच्या साथीत विहिरींवर पत्रके लावली, ती बारीक, नक्षीदार अक्षरांत. कोणी थांबून पाहिले नाही. म्हणून मी ही कोरली. रेघ सगळीकडे सारखी जाड, टोकाला शेपटी नाही, अंग उजवीकडे झुकलेले, धावत्या माणसासारखे. लोधिवलीच्या वरच्या वाडीतल्या ठमीला वाचता येत नाही, पण ती वाडीत सांगू लागली, "वाकडं अक्षर दिसलं का त्या हिरीचं पानी प्यायचं नाय." वाडी वाचली.

पुढे मी तापाने पडलो असता सदूने त्याच अक्षरांत बिडीची जाहिरात छापून चौकाच्या बाजारात लावली. ती पाहून ठमीची माणसे मोळ्यांसकट माघारी फिरली. सदू हसला. मी म्हणालो, "कागद फाड." तो म्हणाला, "दादा, अक्षर हाय ते, देव नाय. व्हईल सवय लोकांना."

सवय झाली. गेल्या श्रावणात विहिरीवर खरे पत्रक होते. ठमीचा मुलगा शुक्रा म्हणाला, "बिडीचा कागद हाय गं आये," आणि पाणी प्याला. शुक्रा गेला.

४. सबब, ही अक्षरे विहीर, पूर, खचलेला पूल, घाटाचे वळण, पिसाळलेले कुत्रे यांसाठीच वापरावीत. तीही एकाच ओळीत. बाकी मजकूर उभ्या, साध्या अक्षरांत. बिडी, तेल, तमाशा, निवडणूक यांसाठी कोणी कितीही विनवले तरी नाही. सांभाळणे न झाल्यास सुंदराने ती चुलीत घालावीत, विकू नयेत.

५. माझ्या पटाश्या व रंधा सदूला. जाहिरातीसाठी वेगळी अक्षरे त्याने स्वतः कोरावीत. हात दुखला म्हणजे मी काय म्हणत होतो ते कळेल.

६. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील सांगतात. म्हणून ठमीच्या नावे काही लिहिले नाही. साक्ष मात्र तिचीच हवी.

अंगठा देण्याआधी तिने विचारले, "साक्ष कसली?" मी म्हणालो, "मी शुद्धीवर आहे याची." तिने माझ्याकडे नीट पाहिले. "लई रागात हाय," ती म्हणाली, "पन शुद्धीवर हाय. लिवा तसंच."

तसेच लिहिले आहे.

मुक्काम चौक, ता. ११ जानेवारी १९४८
सही : आबाजी रामजी सुतार

साक्षीदार :
ठमी, राहणार वरची वाडी, लोधिवली. निशाणी अंगठा
नामा गोविंद पाटील, राहणार चौक. सही