डावीकडचा अर्धा इंच

१२ मार्च

प्रिय बडबडे,

तुझं पत्र मिळालं, त्यातली मापंही मिळाली. इकडे सगळं ठीक. दुकानात समोरच्या शाळेचे गणवेश शिवायला आलेत, मान वर करायला फुरसत नाही. तुझे भाऊजी दिवसभर गुडघ्याच्या नावाने खडे फोडतात आणि चहासाठी दोनदा जिना चढतात.

तुझा ड्रेस अजून कापला नाही. कापड टेबलावर आहे, कात्री हातात घेते नि ठेवते. आळस नाही गं.

तू लिहिलंस, "ताई, डावीकडे छातीवर अर्धा इंच सैल सोड, हल्ली घट्ट होतंय." ते वाचलं आणि मला माझाच ड्रेस आठवला.

गेल्या वर्षी मी माझ्या ड्रेसचं हेच केलं. डावी शिवण उसवली, पाव इंच सोडलं. दोन महिन्यांनी पुन्हा. तिसऱ्यांदा सोडायला कापडच उरलं नाही, तेव्हा छातीवरचे टक्स हलवले. तीस वर्षं बायकांची मापं घेतेय, बसत नसेल तर कपडा सुधारायचा एवढंच डोक्यात. कापडाला नावं ठेवली, कटिंगला ठेवली, पण स्वतःच्या छातीला हात लावून पाहिलं नाही. गिऱ्हाईक असलेल्या नर्सबाईंनी टोकलं तेव्हा पाहिलं. काखेजवळ गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून तर मी निर्धास्त होते.

शुक्रवारी ऑपरेशन आहे. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठ महिन्यांपूर्वी यायला हवं होतं." तेव्हा मी दुसऱ्यांदा शिवण उसवत होते.

आईचं आठव. तिने तिची गाठ शेवटपर्यंत सांगितली नाही, आपण विचारलं नाही. मला माझी भीती वाटते, पण तुझी जास्त वाटते.

तो अर्धा इंच मी सोडणार नाही, हवं तर भांड. आज आंघोळीच्या वेळी बोटं सपाट ठेवून दोन्ही बाजू काखेपर्यंत नीट चाचपून बघ, आणि हे दर महिन्याला कर. हाताला काही लागलं नाही तरी दवाखान्यात जाऊन दाखव, मॅमोग्राफी करून घे. लेकीलाही शिकव, लाजू नकोस.

शुक्रवारी माझ्याकडे धावत येऊ नकोस. त्या दिवशी तू तुझ्या डॉक्टरांसमोर बसलेली आहेस एवढं कळलं, तरच मी ऑपरेशनच्या टेबलावर शांतपणे आडवी होईन.

तुझी घाबरलेली,
ताई