तुंब्यात ओतलेली मागणी

याल्तेम, डोंगरावरून.
मक्याची कणसे वाळत घातलेल्या दिवसांत.

आदरणीय लोशाताई,

धाकट्या मानवेलने आपल्यापुढे मस्तक लववले आहे, आणि रीतीप्रमाणे आपण त्यावर हात ठेवला आहे, असे समजून पुढे लिहितो. (हात उचलण्याची घाई करू नये, पत्र लांबणार आहे.)

आपला उजवा गुडघा कसा आहे? खालच्या उष्ण मुलखात हाडे सुखी राहतात, असे आपण लग्न होऊन तिकडे गेल्यापासून ऐकवत आला आहात. आम्ही इकडे धुक्यात राहून ते निमूटपणे ऐकले आहे. कोकोच्या झाडांना यंदा फळ कसे आहे? (हा प्रश्न सहज विचारला आहे, त्यात दुसरा हेतू शोधू नये.) आपल्या टर्क्या, सुना आणि नातवंडे यांना परमेश्वर याच क्रमाने शहाणपण देवो.

माझ्या प्रकृतीविषयी सांगायचे तर पाऊस संपता संपता पाय जड होऊ लागले, म्हणून आपली भावजय पाश्कू हिने मला सान क्रिस्तोबाल शहरातल्या दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरीण आपल्या धाकट्या नातीच्या वयाची असावी. तिने बोटातून थेंबभर रक्त घेतले आणि विचारले, "आजोबा, ते बाटलीतले गोड काळे पेय रोज किती पिता?" खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा मी जन्मभर इतरांना शिकवली आहे. मात्र सगळे खरे एका दमात सांगावे, अशी आज्ञा कोठेही माझ्या वाचनात नाही. म्हणून अर्धे सांगितले. त्या अर्ध्यावरच तिने लेखणी खाली ठेवली. साखर फार वाढली आहे, ते पेय आजपासून बंद, रोज चालणे, पालेभाजी, घेवडा, आणि तहान लागली की पाणी, असा निवाडा झाला. आता आपणच सांगा, याल्तेममध्ये पाणी मागितले तर लोक विचारतात, घरात कोणी रागावले आहे काय! संतांच्या मूर्तींपुढे आपण तीच बाटली ठेवतो, भांडण मिटले की तीच फोडतो, मयताच्या घरी तीच नेतो. छातीत शिरलेले अशुभ त्याच्याच ढेकरेबरोबर बाहेर पडते, असे आपली आई सांगत असे. हे सारे सोडून मी साखरेविना कालवलेली मक्याची अंबील पितो आणि उकडलेला भोपळा खातो. बाबिलोनच्या राजवाड्यात राजाचे पक्वान्न नाकारून डाळ-पाण्यावर राहिलेल्या त्या चार तरुणांवर मी दरवर्षी प्रवचन करतो. ते डाळ-पाण्यावर तेजस्वी दिसू लागले, असे लिहिले आहे. मी दिसत नाही.

खरा छळ जिभेचा नाही, पायांचा आहे. हे पेय सोडल्यापासून मला एका जागी बसवत नाही. प्रार्थनेला बसतो आणि अर्ध्यातच उठून घराभोवती फेऱ्या घालतो. दुकानाच्या दिशेने वळलेले पाऊल मागे घेतो, पुन्हा वळतो. रानात भटकताना मिसरातल्या काकड्या आणि कलिंगडे आठवून रडणाऱ्या त्या लोकांना मी सदैव कृतघ्न म्हणत आलो. हल्ली त्यांच्याविषयी मला बंधुभाव वाटतो. पाश्कू परवा ओरडली, "अहो, देवासाठी बसा एका जागी! तुम्ही गोल गोल फिरता, कोंबड्या घाबरून अंडी द्यायच्या बंद झाल्यात." (कोंबड्यांचे कारण वेगळे असू शकते, परंतु वाद घालण्याइतकी साखर आता माझ्यात उरलेली नाही.)

अशा अवस्थेत आपला शालिक मला म्हणाला, "बाबा, रोमीनकाकांच्या कातालला मागणी घाला. तीच हवी." काताल गुणी आहे, चर्चमध्ये वाचन करते आणि माझे चष्म्यावाचून चुकलेले शब्द डोळे न वटारता सुधारते. मुलाचे सारे चित्त तिच्यात गुंतले आहे. परंतु मागणी म्हणजे काय, हे आपणास सांगायला नको. पहाटे पेयाच्या बाटल्या आणि पाव घेऊन जायचे, दारात गुडघे टेकायचे, बापाने नाही म्हणायचे, आपण विनवायचे. आणि पेला फिरू लागला की तो मागणाऱ्याच्या घशाखाली उतरलाच पाहिजे. पहिल्या खेपेला रोमीनने दारच उघडले नाही, तेव्हा माझे व्रत अभंग राहिले. दुसऱ्या खेपेला दार उघडले.

आपल्याला स्मरत असेल, पूर्वी कडक दारूच्या बैठकीत वडीलधारी माणसे जवळ तुंबा आणि नरसाळे बाळगत. ओठ टेकवून उरलेले त्यात ओतत आणि घरी शुद्धीवर परतत. मागणीच्या बैठकीत ही सवलत नाही, हे मला ठाऊक होते. तरीही मी वडिलांचा तो जुना तुंबा लोकरीच्या अंगरख्याखाली बांधला. चूल पेटलेली, घरात धूर, सगळ्यांच्या नजरा खाली; माझा मेव्हणा पेतूल पेले भरत होता. मी ओठ टेकवी, नमस्कारासाठी वळे, आणि पेला अंगरख्यात रिकामा करी. गळू नये म्हणून दरवेळी कणसाच्या बुरकुंडाचे बूच मुठीने ठोकून घट्ट बसवत होतो. दारू तुंब्यात निपचित पडून राहते. हे काळे पेय मात्र फेसाळते, आणि उबेत व हिसक्यांत तर अधिकच, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

मग मी गुडघ्यांवर बसून मागणीचे मोठे भाषण सुरू केले. "आम्ही धुळीतून आलो, आम्ही चिखलातून आलो, तुमच्या अंगणातले एक फूल मागतो, तुमच्या अंगणातली एक सावली मागतो," इतके झाले आणि प्रत्येक ओळीला लवताना माझ्या पोटाजवळून फुस्स असा आवाज येऊ लागला. रोमीनची बायको मरूच किंचाळली, "साप! दादांच्या कपड्यात साप आहे!" मी भाषण सोडले नाही. (ते मध्येच सोडणे अपशकुन.) सहनशीलतेच्या ओळीवर पोहोचलो तोच बूच माझ्या गळपट्ट्यातून वर उडाले, पेतूलची टोपी घेऊन चुलीत पडले, आणि मागोमाग गळ्यातून, दोन्ही बाह्यांतून फेस वाहू लागला. पवित्र खडकातूनही इतक्या वेगाने पाणी फुटले नसेल. रोमीनचे कुत्रे येऊन माझा हात चाटू लागले. कोणीही हसले नाही, ताई. हसले असते तर बरे झाले असते.

रोमीनने कुत्र्याला बाजूला ओढले. मग म्हणाला, "मानवेलदादा, स्वतः आणलेलं तुमच्या स्वतःच्याच घशाखाली उतरत नाही. मग माझी मुलगी तरी तुम्हाला मनापासून हवी कशावरून?"

मी साखरेचे सांगितले. तो भडकलाच. "साखर कोणाला नाही? मला आहे. माझ्या आईचा पाय गेला त्यात. तरी कोणी पेला परत केलाय का या घरात?" पाय गेला हे गावाला ठाऊक होते, त्या घरात मोठ्याने ते प्रथमच बोलले गेले असावे, कारण मरूचने डोळ्यांना पदर लावला. रोमीनचा आवाज खाली आला. "रविवारी शेवटचं या. तुम्ही स्वतः प्याल तेच आणा. तुमच्याबरोबर मी पिईन. आणि मला फसवलंत तर काताल तुमच्या घरी येणार नाही."

तेव्हापासून माझ्या फेऱ्या दुप्पट झाल्या आहेत. अंबील न्यावी तर पेतूल म्हणतो, "भावजी, मुलगी मागायला शेतातली शिदोरी? उद्या कुदळपण न्या!" पाणी न्यावे तर तो अपमान, पाण्याचा द्राक्षारस करण्याची कला मला अवगत नाही, आणि तो तरी डॉक्टरणीला कोठे चालणार? शालिक जेवत नाही. त्याचे ते भरले ताट मला त्या पेयाच्या आठवणीपेक्षा अधिक बोचते. बाकी सर्व कुशल आहे.

आपला हात आता मस्तकावरून उचलण्यास हरकत नाही.

आपला धाकटा,
मानवेल

ता. क. आपल्या लग्नाची मागणी आली तेव्हा वराकडचे लोक खालून कोको घेऊन आले होते, आणि आईने तो पाट्यावर वाटून, गरम पाण्यात घुसळून सर्वांना दिला होता, हे आज अंबील पिताना आठवले. कडू होता, पण कोणी कुरकुर केली नव्हती. पत्र नेणाऱ्या ट्रकचालकाबरोबरच ओंजळभर कोको पाठवावा. पत्र लिहिण्याचे कारण हेच होते. वर झाडांची चौकशी केली, ती तितकीशी सहज नव्हती.

पुन्हा ता. क. ओंजळभर नको, पिशवीभर पाठवावा. पाश्कू आत्ताच झऱ्यावरून आली. तेथे मरूच तिला बाजूला घेऊन विचारत होती, "वहिनी, दादांचं ते फिरणं थांबलं का हो? आमच्याकडे त्या दिवसापासून बाटली बंद आहे, आणि ह्यांनी कोंबड्यांचा जीव नकोसा केलाय." शालिक जेवायला बसला आहे.

शेवटचा ता. क. लग्नाला याल तेव्हा ते काळे पेय बरोबर आणू नये. छोटी बाटलीही नको. (छोटी म्हणजे हल्ली किती छोटी मिळते, एवढे मात्र कळवावे.)