तोंडं तेवढी घासू द्या

३ नोव्हेंबर
आले एकदाची! खोली समुद्राच्या बाजूला, खिडकी मोठी, टेबल डुगडुगतं. एका पायाखाली पुठ्ठा घातला, प्रश्न मिटला. बहीण गेल्यापासून भाची माझ्याजवळ वाढली. आता मी तिच्याकडे राहायला आले, एवढाच फरक. ती इथे हौशी पाणबुड्यांना पुतळे दाखवायला नेते. हो, पुतळे समुद्राच्या तळाशी आहेत. सिमेंटची माणसं मुद्दाम बुडवायची, त्यांच्यावर प्रवाळ धरतं, मासे येतात आणि माशांमागून पर्यटक. संग्रहालयात तीस वर्षं मी वस्तूंवरची धूळ झटकायला लावली. इथे जमलेली पुटं पाहायलाच तिकीट! माझं काम नोंदींचं. एकोणचाळीस पुतळे, दर आठवड्याला प्रत्येकाचा फोटो येणार, कुठे काय उगवलं ते लिहायचं.

५ नोव्हेंबर
शिल्पकार भला माणूस, पण बोलण्यात पाल्हाळ फार. सगळे चेहरे त्याने इथल्याच जिवंत माणसांवर प्लास्टर थापून, साचे घेऊन केलेत. सातवा चहावाल्या बाईचा, बारावा आमच्या पोरीचा. डोळे मिटलेले, नाक वर. झोपेतही असंच असतं. माझा पेन धरलेला उजवा हात त्याच्या मनात भरला. अर्धा तास प्लास्टरमध्ये हात घालून बसले. पोरगी म्हणाली, मावशी, आता तूही बुडालीस. चाळिसावा पुतळा म्हणजे नुसता माझा हात.

१० नोव्हेंबर
हात तळाशी बसवून शिल्पकार पुढच्या कामाला परदेशी गेला.
फोटोंत खोट सापडली. अंगांवर बोट-बोट वाढ, चेहरे मात्र लख्ख. चौकशी केल्यावर कासव कबूल झाला. कासव म्हणजे इथला जुना पाणबुड्या. पाण्यात चपळ, जमिनीवर नावाला जागतो. दर शनिवारी खाली जाऊन ब्रशने तोंडं घासतो म्हणे. करारात स्वच्छ लिहिलंय, उगवलेल्याला हात लावायचा नाही. ब्रश कपाटात टाकून कुलूप लावलं. तो गयावया करू लागला, बाई, बाकीचं राहू द्या, तोंडं तेवढी घासू द्या. का, तर म्हणे माणसं आहेत ती. सिमेंट आहे, मी म्हटलं, आणि विषय संपवला.

२४ नोव्हेंबर
चहावाली दोन दिवस आली नाही. दातखीळ बसली आहे, पेजही आत जात नाही. ताज्या फोटोत सातव्याच्या ओठांवर शिंपल्यांचा जाड थर. योगायोग. नोंद केली.

२९ नोव्हेंबर
चहावाली गेली. डॉक्टरांना कारण सापडलं नाही.
पोरीची डावी नाकपुडी कालपासून बंद आहे. बाराव्याचा या आठवड्याचा फोटो शोधून पाहिला. डाव्या नाकपुडीत पिवळा स्पंज.
मी कपाट उघडलं, ब्रश कासवाच्या हातात ठेवले आणि चुकले म्हणाले. असं कुणाला म्हणाल्याचं आठवत नाही. तो लगेच निघाला. पण वारा उठला होता. धक्क्यावरूनच परतला.

३० नोव्हेंबर
लाटा. शिल्पकाराचा फोन बंद. डॉक्टर म्हणतात, नाक स्वच्छ आहे, साधी सर्दीही नाही. पोरगी तोंडाने श्वास घेते आणि वर थट्टा करते, मावशी, तुझी शिस्त माझ्या नाकात गेली. मी हसले नाही. तीही नंतर हसली नाही.

२ डिसेंबर
लाटा. उजवी नाकपुडीही गेली. ओठ दोन्ही कोपऱ्यांकडून जुळत चाललेत. मध्ये बोटाएवढी फट, तेवढ्यातूनच श्वास. कासव धक्क्यावरच बसून आहे. समुद्र त्याला खाली जाऊ देत नाही, आणि मला तर पोहताही येत नाही.
सकाळपासून माझी बोटं आखडली आहेत.

३ डिसेंबर
पेन सुटत नाही. डाव्या हाताने ओढून पाहिलं. साच्यातली तीच पकड, तोच अंगठा. लिहीत राहिलं तर निदान हात हलतो, म्हणून लिहिते. मनगट वळत नाही, खांद्याने लिहिते. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं झालंय.
पोरीच्या ओठांत डॉक्टरांनी नळी बसवली आहे. ती नळीच चेपत चालली—

४ डिसेंबर
वारा पडला. कासव निघाला. पाणी गढूळ आहे, शोधण्यातच हवा संपेल, एकच होईल म्हणाला. तोंड की हात. हे काय विचारायचं? तोंड.

होडी खिडकीतून दिसते. कासव खाली गेला. पोरगी माझ्या पाठीमागे पलंगावर. श्वास ऐकत बसले आहे. शिट्टीसारखा येतो.

कोपर गेलं. अंग पुढे-मागे करून लिहिते—

शिट्टी थांबली. उठता येत नाही. कंबर— हाक मारली. उत्तर नाही. कासवा, घास रे. घास—

पाणी हललं. वर आला. ब्रश हलवतोय.
मागे श्वास. मोठा, मोकळा. रडतेय. मावशी म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिला बघायचंय. मान वळत—