पाडव्याचा फोटो

हाउन्सलो, १२ फेब्रुवारी

प्रिय सुचेता,

तुझ्या श्रद्धाचा इथे राहण्याचा अर्ज काल नामंजूर झाला, म्हणून लिहिते आहे. फोनवर तू रडशील, मी दरडावीन आणि मुद्द्याचं राहून जाईल. नागपूरला पत्र पोचेपर्यंत थांबायला वेळ नाही, तेव्हा पानांचे फोटो पाठवते. शेवटपर्यंत वाच, मगच फोन कर.

तिचा व्हिसा पुष्करची बायको म्हणून होता. नवऱ्याच्या मारहाणीमुळे संसार कायमचा मोडला हे दाखवता आलं, तर बाईला इथे स्वतःच्या हक्काने राहता येतं. सप्टेंबरात ती त्याच्या घरातून निघाली, तेव्हा मीच तिला आमच्या केंद्रात नेलं. तिथे असे अर्ज फुकट करून देतात. वकील एकटी तनू, इथेच वाढलेली, मराठी न येणारी, तीही आठवड्यातून दोन दिवस. रांग पार बसस्टॉपपर्यंत. रिटायर झाल्यापासून मी तिथे दुभाषी आहे. श्रद्धाच्या दंडावरचे डाग, खोलीला बाहेरून लावलेली कडी, सगळ्याचं इंग्रजी मी केलं. आवाज एकदाही हलू दिला नाही, याचा तेव्हा अभिमान वाटला होता.

अर्ज गेल्यावर तीन आठवड्यांनी दिवाळीचा पाडवा आला. वेम्बलीच्या हॉलमध्ये मंडळाची जोडपी ओळीने बसतात आणि बायका ओवाळतात. आदल्या दिवशी तुझा फोन आला, “मंजू, सणापुरतं तरी दोघांना एकत्र बसव गं, इकडे व्याही विचारतात.” तुझ्यावर ढकलत नाही. पुष्करशेजारची रिकामी जागा मलाच बघवली नसती. मी श्रद्धाला म्हटलं, ताम्हण हातात घेतलंस म्हणून काही लगेच नांदायला जात नाहीस. चार लोकांत शोभा नको. ती म्हणाली, “मावशी, हात कापतोय.” मी म्हटलं, “मग निरांजन नीट धर.”

मंडळाने फोटो फेसबुकवर टाकला. पुष्करने तोच व्हिसाच्या कचेरीला पाठवला. नामंजुरीच्या पत्रात तारखेसकट लिहिलं आहे की अर्जदार सणाला पतीसोबत आनंदात होती, संसार मोडलेला दिसत नाही. तनूने मला विचारलं, हे ओवाळणं म्हणजे नक्की काय? मी सांगितलं, नवऱ्याला दीर्घायुष्य मागतात. तिने पेन खाली ठेवलं.

तिथे तुला जायला कोणी सांगितलं, हेही तनूने श्रद्धाला विचारलं. पोरगी नामंजुरीच्या पत्राची घडी घालत राहिली. तनूचा प्रश्न इंग्रजीत, तोच माझ्या तोंडून मराठीत, आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. शेवटी मीच म्हटलं, मी सांगितलं.

दाद मागायला तेरा दिवस उरलेत. मीच तिला तिथे बसवलं, या माझ्या जबाबाचा उपयोग होईलच असं तनू म्हणत नाही. मला पुढे काही सुचत नाही, सुचेता. असं वाक्य मी आयुष्यात कुणाला लिहिलेलं नाही. जूनमध्ये श्रद्धाने व्हिडिओ कॉलवर तुला दंड दाखवला आणि तू म्हणालीस, बाही खाली कर, बाबा येतील. हे मला तिने परवा बसमध्ये सांगितलं. जबाबात तिने तुझं नाव घेतलेलं नाही, घेणारही नाही. ते तू लिही. तारीख घाल, तुझं वाक्यही घाल, सही कर. हे मागायलाच पत्र लिहिलं.

तुझीच,
मंजिरी

आज दुपारी तनूच्या हाती दिलं: माझा सही केलेला जबाब, तीन पानं. मंडळाच्या कार्यक्रमाची पत्रिका. पाडव्याला ये म्हणून श्रद्धाला मी पाठवलेले मेसेज, छापून. केंद्राची किल्ली आणि दुभाष्याचा बिल्ला; साक्षीदाराला ते काम करता येत नाही.