छातीचा फोटो

आबा, तुमचा खोकला माझ्या घरात परत आलाय. सकाळी मोरीपाशी लेक तसाच उभा राहतो, भिंतीला हात टेकून, आणि खाकरतो तेव्हा आवाज तुमचाच येतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहते. मला तुमच्या बहिणीच्या घरात दिलीत, आत्याच्या पोराला. "घरातली पोरगी घरातच ऱ्हाईल की," म्हणाला होतात. राहिले, आबा.

आज तो दिवस सांगते. दवाखान्यात एक्स-रे काढायच्या नोकरीला लागून मला दोनच महिने झालेले. तुम्ही उचगावच्या कारखान्यातून, लेथ मशिनवरून तसेच आलात, अंगाला तेलाचा वास. टीबीच्या गोळ्या दोनदा खाऊन झालेल्या, आईनं ताट-तांब्या वेगळा केलेला, आणि जो तो म्हणतो, बिडी सोडा. जन्मात बिडीला हात लावला नाहीत तुम्ही! मी म्हणते, "श्वास धरून ठेवा, आबा." तुम्ही हसता, "अगं, असला तर धरीन की!"

फिल्म धुऊन उजेडात धरली, तर काळीज उजवीकडं. त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झाडलं होतं, "डावं-उजवं कळत न्हाय आणि फोटो काढतीस व्हय?" मला वाटलं, डावी बाजू कळावी म्हणून फिल्मच्या पेटीवर लावायचं शिशाचं अक्षर पुन्हा चुकीच्या बाजूला लावलं मी. परत फोटो मागायची लाज वाटली. कात्रीनं कडेला उमटलेलं अक्षर कापलं, फिल्म पालथी केली आणि पेननं नवं लिहिलं. डॉक्टर नळी पाठीलाच लावायचे, त्यामुळं ठोका कुठल्या बाजूला ते त्यांनाही कळलं नाही. तुम्हाला तिसऱ्यांदा गोळ्या चालू झाल्या, आणि वेगळ्या ताटात जेवतच तुम्ही गेलात.

लेकाचं काळीज डावीकडंच आहे, म्हणून कुणाला शंका आली नाही. कान वाहायचे, नाक गळायचं, सर्दीचं पोर म्हणून सोडून दिलं. आता रक्त तपासलं तेव्हा कळलं, एकच जनुक बिघडलंय, तुमच्याकडून माझ्यात, आत्याकडून तिच्या पोरात, आणि दोन्हीकडचं मिळून लेकात. छातीतल्या नळ्यांना बारीक केस असतात म्हणे, ते हलत राहून कफ वर ढकलतात. याचे हलतच नाहीत. पोटातल्या गर्भाचं काळीज कुठल्या बाजूला जाणार, तेही तसल्याच केसांनी ठरतं. ते बंद असले की कुठंही जातं. तुमचं उजवीकडं गेलं. लेकाचं लहानपणीच कळलं असतं तर त्याचं फुप्फुस इतकं खराब झालं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाचं हृदय उजवीकडं होतं का? जुना एक्स-रे असला तर आणा." मी म्हणाले, "वडिलांचा होता, पण महापुरात गेला." लेक शेजारीच बसलेला. त्या पुरात आमच्या गल्लीतनं शेजारच्या वस्तीला भाकऱ्या पोचवत होता तो. आमच्या दाराला पाणी लागलंच नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक.

घरी येताना रिक्षात लेक म्हणाला, "आई, आजोबांचा फोटो कुठं हाय?" आबा, चार दिवस झाले. तुमची माफी मागून मोकळं व्हायचं म्हणून लिहायला बसले, पण तुम्ही काही विचारत नाही. तो विचारतोय, आणि त्याला सांगायची माझी छाती होत नाही.