जाफर बिन सालेह, राहणार ईट

ईट, ता. भूम
१४ ऑगस्ट १९५९

प्रिय बलभीम,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीचे दोन कागद चुलीत घातले. आठ दिवस झाले, माझं चित्त ठिकाणावर नाही. हातातलं काम हातात राहतं आणि मी नुसती बघत बसते. काल पीठ मळताना पाणी इतकं पडलं की भाकरी थापता येईना. तुम्ही सगळे बरे असाल. बाळाला दात येत असतील आता. उमाला म्हणावं, ज्येष्ठमधाची कांडी चावायला दे, किरकिर कमी होईल.

मी वीस-बावीस दिवसांपासून ईटलाच आहे. जळकोटचं घर तुझ्या दाजींवर टाकून आलेय. नाना आहेत तसे आहेत. नऊ वर्षांपूर्वी लकव्यानं उजवी बाजू गेली ती गेलीच, आणि बोलणंही तसंच, नुसते घशातले आवाज. पण समजतं सगळं. डोळ्यांत बघितलं की वाटतं, आता उठून आपला पाढा तपासतील.

मी का आले ते तुला कळवलं नव्हतं. आषाढात जाफरभाईच्या नावानं उस्मानाबादेहून नोटीस आली. तीस दिवसांत आपल्या मुलखात निघून जावं, नाहीतर पोलीस पोचवतील. शाळेच्या गुरुजींनी ती त्याला वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला म्हणे, ‘आपला मुलूख म्हंजे कुठला, ते बी लिवलंय का बघा.’

जाफरभाईची सगळी हकीकत तुला ठाऊक आहे असं मी धरून चालत होते. पण तू लहानपणीच औरंगाबादला बोर्डिंगात गेलास, म्हणून सांगते. आपल्या शिवेवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. पलीकडं इंग्रजांचा मुलूख, अलीकडं निजामाचा. नाक्यावरच्या अरब पहारेकऱ्यानं आपल्या नऊ वर्षांच्या पोरक्या पुतण्याला समुद्रापलीकडून, अरबस्तानातल्या हजरमौतहून आणलं, तो जाफरभाई. नानांनी त्याला आपल्या शाळेत बसवलं. मोठा झाल्यावर तोही त्याच नाक्यावर लागला. मग पोलीस ॲक्शन झाली, नाका उठला, बाहेरच्या अरबांना गोळा करून बोटीनं परत पाठवायला लागले. चाचा त्या बोटीनं गेला. जाफरभाई तेव्हा विषमज्वरानं भूमच्या दवाखान्यात पडला होता. यादीत नावापुढं ‘आजारी’ असं लिहिलं आणि तो मागं राहिला. नानांनी त्याला गाडीत घालून घरी आणलं. आई म्हणाली होती, बरा होईस्तोवर राहू दे. तो बरा झाला आणि वर्षाच्या आत नानाच आडवे झाले.

आई किती बारकी होती तुला आठवतं. तिच्यानं नाना उचलत नव्हते. जाफरभाई एकटा उचलायचा. त्याला माजघरात येऊ द्यायचं नाही म्हणून आईनं नानांची बाजच ओसरीवर आणली होती, आणि शेवटच्या आजारात तिनंच त्याला चुलीपुढं बसवून नानांसाठी कण्या शिजवायला शिकवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असा माणूस एका कुशीवर राहिला की पाठ सडते. नऊ वर्षांत नानांच्या पाठीला एक फोड आला नाही. दाढी, अंघोळ, मुतायचं भांडं, सगळं त्यानं केलं. नानांचे आवाज आपल्याला एकसारखे वाटतात. त्याला त्यात पाणी वेगळं ऐकू येतं, कूस वेगळी, आणि ‘अक्काचं पत्र आलं का’ हेही वेगळं. मी माहेरी आले की तो मला सांगायचा, नाना आज असं म्हणाले. मला वाटायचं, माझं मन राखायला सांगतोय.

फाल्गुनात त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. उस्मानाबादेला छातीचा फोटो काढला, क्षय निघाला. त्या दिवशी घरी आल्यावर तो ओसरीची पायरी चढला नाही. आपली वाकळ गोठ्यात नेली, ताट-तांब्या वेगळा केला, तोंडाला फडकं बांधलं. नानांना उचलायला आपला वाटेकरी लिंबाजी दोन वेळा येऊ लागला, त्याची बायको भाकरी टाकायची. तुम्ही वैशाखात बाळाला घेऊन आलात, तेव्हा तो लिंबाजीच्या शेतात राहायला गेला होता. बाळाला त्यानं रस्त्याच्या पलीकडून बघितलं. उमानं बाळ पदराखाली झाकून घेतलं आणि तुम्ही तिसऱ्या दिवशीच निघालात. मी तिला तेव्हाही दोष दिला नाही आणि आजही देत नाही. लेकराच्या आईला भीती वाटायचीच.

डॉक्टर म्हणाले, औषध आहे, माणूस वाचेल, पण आठ-दहा महिने क्षयाच्या मोठ्या दवाखान्यात राहावं लागेल. तिथल्या फॉर्मात विचारलं होतं, रुग्ण इथला कायमचा रहिवासी आहे काय. जाफरभाईकडं दर वर्षी शिक्का मारून घ्यायचा परवाना, त्यावर खाट मिळेना. म्हणून त्यानं चैत्रात कायम राहण्याचा अर्ज केला. तीन महिने उत्तर नाही, आणि आली ती ही नोटीस.

मी आले तेव्हा तो निम्मा झाला होता. पण आल्या दिवशी त्यानं मला अंगणातून, दहा हात लांब उभं राहून, नानांची कूस बदलायला शिकवलं. ‘अक्का, आदी खांदा धरा, मग कंबर. पाय शेवटी. आन तोंडाकडं बघू नका तवा, त्यान्ला लाज वाटती.’ मी त्यांची मुलगी, मला हे कधी सुचलं नव्हतं. तो बोलत असला की नाना मान त्याच्याकडं वळवून असतात. तो खोकत गोठ्यात गेला की डोळे मिटतात.

मग आम्ही पुरावे गोळा करायला लागलो. तो लहानपणापासून इथंच आहे, हे दाखवायचं होतं. शाळेच्या भीमाशंकर गुरुजींनी जुनी पेटी उपसली. त्यात निजामाच्या फसली तेराशे चौतीस सालचं, म्हणजे इंग्रजी चोवीस-पंचवीसचं, दाखल्याचं रजिस्टर निघालं, एका बाजूनं वाळवी लागलेलं. उर्दूत, नानांच्याच हातचं. गुरुजींनी वाचलं, ‘जाफर बिन सालेह, उमर नऊ साल, साकिन ईट.’ बलभीम, पोराला येऊन महिनाही झाला नसेल आणि नानांनी त्याला राहणार ईट असं लिहून टाकलं होतं. ते रजिस्टर मी नानांच्या छातीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या ओळीवर टेकवलं आणि बराच वेळ काढलं नाही. पंचायतीनं दाखला दिला, त्यावर त्रेपन्न सह्या आणि अंगठे पडले. मला वाटलं, झालं आता.

सहा तारखेला मी आणि जाफरभाई उस्मानाबादेला गेलो. यष्टीत तो एकटा मागच्या बाकावर, खिडकीकडं तोंड करून बसला होता. कचेरीत परदेशी लोकांची नोंद ठेवणारे कारकून वीरप्पा म्हणून आहेत, त्यांनी आम्हाला साहेबांपुढं नेलं. साहेबांनी रजिस्टर बघितलं, दाखला बघितला. जाफरभाईला विचारलं, तिकडं तुझं कोण आहे. तो म्हणाला, ‘कुनी न्हाय साहेब. बोली बी इसरलो. तिथं उतरल्यावर भाकर कशी मागायची ते बी येत न्हाय.’ साहेब मान हलवत होते. माणूस वाईट नाही. मग त्यांनी फायलीतून एक कागद काढला आणि म्हणाले, ‘बाई, गाव म्हणतं ठेवा आणि घर म्हणतं न्या. आम्ही कुणाचं ऐकायचं?’

तो कागद त्यांनी वाचला. सदर इसम परदेशी असून त्यास क्षयाची बाधा झाली आहे. त्याच्यापासून घरातील लहान मुलास धोका आहे. तो आता घरच्यांच्या कोणत्याही उपयोगाचा राहिलेला नाही, तरी त्यास त्याच्या देशी रवाना करावे. माझ्या मनात आलं, गावातलंच कुणीतरी आपल्या घराच्या नावानं लिहिलंय, आणि त्या नादात पुढची ओळ माझ्या कानावरून गेली. तेवढ्यात साहेबांनी कागद माझ्याकडं फिरवला आणि विचारलं, हे अक्षर, ही सही ओळखता का. मी बघितलं आणि माझ्या कानांना दडे बसले. पंखा फिरताना दिसत होता, आवाज येत नव्हता. मी काही बोलायच्या आधी जाफरभाई पुढं झाला आणि म्हणाला, ‘न्हाय साहेब. हे आमच्या घरातलं अक्षर न्हाय.’ त्याची शाळा उर्दूतली, त्याला मराठी वाचता येत नाही. हे साहेबांना माहीत नव्हतं, मला होतं. माझं तोंड बघूनच त्यानं ओळखलं असणार. मला परत विचारलं, तेव्हा मी म्हणाले, चष्मा घरी राहिला. मला चष्मा नाहीच. वडिलांनी मास्तर म्हणून हयात घालवली आणि मी त्यांच्या कामासाठी जाऊन खोटं बोलले. साहेब म्हणाले, मग घराच्या मालकाचाच जबाब घेऊ.

परतताना भूमला उतरल्यावर त्यानं सांगितलं, ‘अक्का, हे नानांच्या कानावर घालू नका. मी जातो निघून. भावाभैनीत कशाला पायजे.’

पण मंगळवारी वीरप्पा स्वतः आले. मी त्यांना बाजूला घेऊन विनवलं, तो अर्ज वाचू नका. ते म्हणाले, ‘अक्का, वाचल्याबिगर जबाब व्हत न्हाय.’ त्यांनी ओसरीवर बसून नानांपुढं तो सगळा वाचला, खालच्या नावासकट. नानांचा डावा हात बाजेच्या माचव्यावर आपटायला लागला आणि घशातून तो आवाज आला, एकदा, परत एकदा. वीरप्पा म्हणाले, काय म्हणतात. नानांची भाषा कळणारा एकच माणूस, तो अंगणात फडकं बांधून उभा. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, ‘नाना म्हणतेत, घरात लहान लेकरू हाय. बलभीम भ्याला म्हनून लिवलं. त्याचं काय चुकलं न्हाय.’

नानांनी मान जोरजोरात हलवली. बलभीम, नाना तसं म्हणाले नव्हते. गेले वीस दिवस तो मला ती भाषा शिकवत होता, आणि दोन शब्द तरी मला पक्के यायला लागले होते. मी वीरप्पांना सांगितलं, ‘नाना म्हणाले, जाफर घरचा.’ वीरप्पांनी नानांना विचारलं, मास्तर, अक्का सांगतात ते खरं असेल तर हात वर करा. नानांनी डावा हात वर केला. वीरप्पांचं लिहून झालं, कागदावर अंगठा घ्यायची वेळ आली, तरी हात वरच. शेवटी जाफरभाई अंगणातून म्हणाला, ‘नाना, घ्या आता खाली, खांदा दुखंल,’ तेव्हा आला. मग जाफरभाई गोठ्यामागं गेला आणि बराच वेळ तिकडून आला नाही.

काल हुकूम पोचला. नोटीस वर्षभर स्थगित. दवाखान्यासाठी साहेबांचं पत्र मिळालंय, एक सप्टेंबरला खाट आहे. कायम राहण्याचा अर्ज शिफारशीनं मुंबईला जाईल, पण घरची तक्रार फायलीत असेस्तोवर नाही. ती लिहिणाऱ्यानंच कचेरीत हजर होऊन परत घ्यायची आहे.

तू मला एक कार्ड टाकायचं होतंस. अक्का, मला बाळाची भीती वाटते, एवढंच. मी त्याला जळकोटला नेलं असतं, शेतात खोपट घालून ठेवलं असतं. घरचं लेकरू सरकारला असा अर्ज लिहील, आणि इतक्या सुबक अक्षरात लिहील, हे आठ दिवसांत माझ्या मनात अजून बसलेलं नाही. तरी मी रागानं लिहीत नाहीये. त्या अर्जात चार ओळी होत्या. तीन मी वर लिहिल्या. चौथी साहेबांनी वाचली तेव्हा मी ऐकली नाही, वीरप्पांनी नानांपुढं वाचली तेव्हा ऐकली. ‘वडिलांची सर्व सेवा करण्यास आम्ही समर्थ आहोत.’ हे पत्र त्या ओळीसाठी आहे. एक तारखेला मी आणि दाजी जाफरभाईला दवाखान्यात पोचवायला जाणार, आणि तिथून मला जळकोटला परतलं पाहिजे, सुगी तोंडावर आहे. तू रजा काढून नानांजवळ राहायला ये. उमाला आणि बाळाला आणू नकोस, एकटा ये. आधी उस्मानाबादेला उतरून वीरप्पांना भेट आणि आपला कागद परत घे, मग ईटला ये. नाना तुला बघून काहीतरी म्हणतील. सुरुवातीला तुला एक अक्षर कळणार नाही आणि सांगायला जाफरभाई नसेल. तरी उठून जाऊ नकोस. जवळ बसून ऐक.

तुझीच,
मथुराअक्का